सही झाली, पण सॅन गळलं

सर्व्हर बेळगावच्या ऑफिसात, क्लायंट निपाणी शाखेत, सर्व्हरच्या टीएलएस सर्टिफिकेटवर (त्याच्या डिजिटल ओळखपत्रावर) आपल्याच सीएची (सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या यंत्रणेची) सही, तरी जोडताना 'होस्टनेम (सर्व्हरचं नाव) जुळत नाही' असं का येतं, हा तुमचा प्रश्न. दादा, चूक सहीच्या पायरीत आहे. सीएसआरमध्ये (सही मागणाऱ्या अर्जाच्या फाइलमध्ये) सॅन (सर्व्हरच्या पर्यायी नावांची यादी) असलं तरी ओपनएसएसएल या सर्टिफिकेट बनवायच्या साधनाची 'एक्स५०९ -रेक' कमांड ते आपोआप उचलत नाही. सही करतानाच सॅन लिहिलेली फाइल '-एक्स्टफाइल'ने द्या; ओपनएसएसएल ३.० पासून सीएसआरमधलं तसंच उतरवणारं '-कॉपी_एक्स्टेन्शन्स कॉपी'ही चालतं. पण त्याआधी सीएसआर डोळ्यांखालून घालाच, कुणी त्यात 'सीए:ट्रू' ('हा स्वतःच सीए आहे' अशी नोंद) घुसवलं असेल तर त्यावरही तुमची सही होऊन बसेल! क्लायंट नावाऐवजी आयपीने (अंकी पत्त्याने) जोडत असेल तर सॅनमध्ये नोंद 'डीएनएस' नव्हे, 'आयपी' अशी हवी. कॉमन नेमवर (सर्टिफिकेटमधल्या नावाच्या जुन्या रकान्यावर) विसंबू नका, क्रोमने २०१७ मध्येच ते बघणं सोडलं. शाखेत फक्त सीएचं सर्टिफिकेट पाठवा. सीएची खाजगी की (सही करायची गुप्त किल्ली) बेळगावच्या सर्व्हरवरसुद्धा ठेवू नका.