चिखलदरा : दोन रात्री, सोबत आई. राहायचं कुठे?

रिमझिम_नागपूर
ऑगस्टमधला एक शनिवार-रविवार आणि जोडून सोमवारची रजा, असं चिखलदऱ्याला जायचं ठरतंय. आम्ही चौघं : मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि आई (वय ७१, गुडघे दुखतात, पायऱ्या फार नकोत). गाडी जुनी अल्टो. राहण्याचं बजेट दोन रात्रींचं मिळून सहा हजार. पचमढी तीनदा झालीय, कृपया सुचवू नका. बाजारात एक साधं लॉज दिसतंय, रात्रीचे २,४०० म्हणतात. घ्यावं का? घाट अल्टोला झेपेल का?

घाटमाथा
पचमढीच बरी. नागपूरहून अंतर जवळपास तेवढंच आणि सोयी जास्त.

रिमझिम_नागपूर
:(

एसयूव्हीवाला_काका
बाजारात अजिबात राहू नका. आम्ही मागच्या वर्षी दरीच्या काठावरचं रिसॉर्ट घेतलं होतं, रात्रीचे साडेसात हजार, नाश्ता धरून. पैसे वसूल. गाडीचं म्हणाल तर आमची फोर बाय फोर लोण्यासारखी चढली. अल्टोचं सांगता येत नाही.

ढगात_हरवलेली
काका, बजेट दोन रात्रींचं सहा हजार आहे, एका रात्रीचं नाही.
आणि दरीच्या काठाचा माझा अनुभव ऐका. 'व्हॅली व्ह्यू'चे दीड हजार जास्त मोजले. पडदा उघडला तर ढग. दुपारी ढग, संध्याकाळी ढग, दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर म्हणतो, "मॅडम, दरी इथंच आहे." असेल बापडी! ऑगस्टमध्ये व्ह्यूसाठी एक रुपया जास्त देऊ नका. गाद्या कोरड्या आहेत का आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं, हे दोन प्रश्न फोनवर विचारा.

परतवाड्याचा_पोट्टा
काऊन घाबरवता बाप्पा त्याइले? आमच्या गावातून लोकं स्कूटीनं ट्रिपल सीट चढतात, अल्टोले काय होते! फक्त एसी बंद ठेवा, वळणावर गिअर आधीच टाका अन् टाकी परतवाड्यातच फुल्ल करा. रस्ते दोन हायेत. धामणगाव गढीवरून जवळ पडते. घटांगवरून लांब, पण जंगल पाहाले मस्त. गर्दीच्या रविवारी पोलीस कधीकधी एकेरी करतात, मागच्या साली आमाले उतरताना घटांगकडूनच धाडलं. अन् भाऊ, शनिवारी दुपारी चढू नका. सकाळी नऊच्या आत वर पोहोचा, नाहीतर भीमकुंडाच्या अलीकडंच जेवणाचा डबा उघडा लागते.

क्लचफेम
+१. दोन वर्षांपूर्वी तिथेच माझी क्लचप्लेट गेली. पुढे बस, मागे बस, मध्ये मी हाफ क्लचवर चाळीस मिनिटं. दोष गाडीचा नाही, माझा. पुढची गाडी सुटेपर्यंत हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये उभं राहा.

वाघोबा_फॅन
कोणीच वाघाबद्दल बोलत नाही? १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नवांत मेळघाट होता! चिखलदऱ्याचे पॉइंट सोडा, सेमाडोह किंवा कोलकासला वनखात्याच्या विश्रामगृहात राहा. सिपना नदी, साग, शांतता.

परतवाड्याचा_पोट्टा
सिपना म्हणजेच साग, कोरकू भाषेत. म्हणजे तुमी सागाच्या काठी साग पाहाले चालले.

ढगात_हरवलेली
पावसाळ्यात कोअरमधल्या सफारी बंद असतात. वाघासाठी ऑगस्टमध्ये जाऊ नये. आम्हाला दिसला तो रानडुकराचा पाठमोरा भाग.

वाघोबा_फॅन
वाघ दिसणं महत्त्वाचं नसतं, त्याच्या राज्यात असणं महत्त्वाचं.

क्लचफेम
हे वाक्य वाघ न दिसलेले सगळे म्हणतात. (हलके घ्या.)

इतिहासप्रेमी_अकोला
गाविलगड चुकवू नका. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने तो घेतला आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. नागपूरच्या माणसाने तर बघायलाच हवा. तटबंदी, दरवाजे, आतले तलाव असा अर्धा दिवस सहज जातो. नावाची गंमत म्हणजे भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा.

घाटमाथा
मला आपलं वाटायचं, चिखल असतो म्हणून चिखलदरा.

इतिहासप्रेमी_अकोला
चिखल असतो हेही खरंच.

ढगात_हरवलेली
७१ वर्षांच्या गुडघ्यांना शेवाळलेला गाविलगड? नको हो. पंचबोलला (प्रतिध्वनीचा पॉइंट) फार चालावं लागत नाही, मुलगा ओरडून ओरडून खूश होईल. भीमकुंड वरूनच बघायचं. देवी पॉइंटला पायऱ्या आहेत, तिथे आजींना गाडीत बसवून तुम्ही जाऊन या.

मुंबईकर_मूळचा_बडनेऱ्याचा
आम्ही लहानपणी अंबा एक्सप्रेसने अमरावती, मग एसटीने परतवाडा, मग दुसरी एसटी. त्या काळी अचलपूरला शकुंतला यायची, मुर्तिजापूरहून, नॅरो गेजवर. उतरून चालत पुढे जावं आणि पुन्हा चढावं इतकी निवांत. आता तीही बंद. कशाला सांभाळतील! जाताना अमरावतीत गिला वडा मात्र खा.

एसयूव्हीवाला_काका
स्ट्रॉबेरी पण घ्या, मोथा गावची.

परतवाड्याचा_पोट्टा
ऑगस्टमंदी स्ट्रॉबेरी कुठून आणू काका? ते हिवाळ्यात. आता रबडी अन् खवा खा, गवळ्याइच्या म्हशीच्या दुधाचा.

ढगात_हरवलेली
रबडीला +१. पण पहिल्या दिवशी नको. सकाळी रबडी, मग घाट, पुढचं विचारू नका.

वाघोबा_फॅन
शेवटचं सांगतो, बाजारातलं लॉज घेऊ नका. रात्री बारापर्यंत पर्यटकांचा गोंगाट. सेमाडोह!

क्लचफेम
बाजार नको, +१. गाडी लावायला जागा नसते.

इतिहासप्रेमी_अकोला
बाजार नकोच. एमटीडीसी बघितलंत का?

रिमझिम_नागपूर
सगळ्यांचे आभार. एमटीडीसीला त्या तारखा भरल्यात. काल आईला हा धागा वाचून दाखवला. वाघ, गड, दरी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कुठलाच पॉइंट बघायचा नाही. खुर्ची टाकून पाऊस बघायचाय, आणि खाली माणसं दिसली पाहिजेत. जंगलात मी कोणाशी बोलू?" मग लॉजवाल्याला फोन केला. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला गॅलरी आहे, खाली चहाची टपरी, एकूण अकरा पायऱ्या (मोजून सांगितल्या त्याने). गरम पाणी सकाळी सात ते नऊ. दोन रात्रींचे ४,८०० भरले. शुक्रवारी अमरावतीला नणंदेकडे मुक्काम, शनिवारी पहाटे साडेपाचला निघणार. अल्टोचा क्लच आज तपासून घेतला.

एसयूव्हीवाला_काका
बाजारात? चूक करताय.

परतवाड्याचा_पोट्टा
आजीले माह्याकडून रबडी. टपरीवाल्याले सांगा, चहात अद्रक जास्त टाक म्हनाव.

घाटमाथा
पचमढीला गॅलरी असलेली बरीच हॉटेलं आहेत.