दूधसंकलनाची पिकअप: जुन्या गाडीचे इंजिन बांधावे की नवी बीएस-६ घ्यावी?

प्रश्न: देपालपूर रोड, इंदूर

नमस्कार. इंदुरात आमचा चक्का, श्रीखंड आणि तुपाचा घरगुती व्यवसाय आहे. त्यासाठीचे दूध देपालपूर आणि बेटमा परिसरातील गावांतून रोज पहाटे आम्ही स्वतःच्या पिकअपमधून आणतो. गाडी २०१७ सालची, बीएस-४ (बीएस-६ च्या आधीच्या धूरनियमांची), कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजिनाची आणि १.२५ टन क्षमतेची आहे. आजवर तिने विश्वासाने साथ दिली, पण या हिवाळ्यापासून सकाळी ती उशिरा सुरू होते, सुरू होताना निळसर-पांढरा धूर सोडते आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये एखादा लिटर ऑइल टाकावे लागते. आमच्या मिस्त्रींनी इंजिन पूर्ण बांधायला (उघडून झिजलेले भाग बदलायला) सांगितले असून खर्चाचा अंदाज ८० ते ९० हजार रुपये दिला आहे.

एवढा पैसा जुन्या गाडीत घालावा, की तीच रक्कम नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला वापरावी, यावर घरात दोन मते आहेत. वडिलांचे म्हणणे असे की नव्या गाड्यांत सेन्सर फार, त्या गावच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरच्या आहेत, आणि एक दिवस गाडी अडली तरी दूध नासते. फेरीला साधारण ४० लिटरचे २८ कॅन असतात. ज्यांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही पिढ्यांच्या पिकअप चालवल्या आहेत, त्यांनी दुरुस्तीच्या खर्चासह आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

उत्तर: देवास नाका

माझ्याकडे पिकअप भाड्याने चालतात. काही माळव्यातच फिरतात, तर काही मानपूरचा घाट उतरून निमाडात जातात. नाव एका कंपनीचे आणि वर्षही एकच असलेल्या दोन गाड्यांचा दुरुस्तीखर्च इतका वेगळा येतो, की कोणती कंपनी टिकाऊ या प्रश्नाला मी आता फारसे महत्त्व देत नाही. गाडीवर किती वजन पडते आणि ती कोणाच्या हातात आहे, यावरच बहुतेक हिशोब ठरतो. घाटात भरलेली गाडी अर्ध्या क्लचवर रोखून धरणाऱ्या चालकाने एका वर्षात क्लच प्लेट संपवली; तीच गाडी दुसऱ्या चालकाकडे दिल्यावर प्लेट कितीतरी अधिक काळ टिकली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मिळून मजुरीसह मला १० हजारांच्या आसपास खर्च आला होता.

तुमच्या बाबतीत मला वजनाचीच काळजी वाटते. ४० लिटर दूध म्हणजे सुमारे ४१ किलो. त्यात कॅनचे वजन मिळवले की एक कॅन पन्नास किलोच्या जवळ जातो. २८ कॅन म्हणजे १.४ टनाच्या आसपास भार झाला, म्हणजे तुमची गाडी रोज क्षमतेपेक्षा जास्त वाहते आहे. मागच्या कमानीचे पट्टे, शॅकलचे बुश, व्हील बेअरिंग आणि टायर यांवर तुमचा खर्च आजवर किती झाला, तो एकदा काढून पाहा. इंजिनाच्या अंदाजापेक्षा तो कमी निघेल असे मला वाटत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपयांपासून सुरू होतो आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे आणखी २ हजार लागतात. नवी गाडी घ्यायचीच ठरली तर १.७ टनांची घ्या. फक्त तिचे मालासह एकूण वजन ३००० किलोच्या वर जात असल्याने परमिट काढावे लागेल, हे आधीच धरून चाला.

दुधाच्या गाडीविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. सांडलेले दूध डाल्याच्या (माल ठेवायच्या मागच्या भागाच्या) सांध्यांत साचून आंबते आणि ते आम्ल पत्रा खाते. माझ्याकडे दुधाला लावलेल्या गाडीचा डाला इंजिनाच्या आधी गेला. रोज साध्या पाण्याने धुऊन गाडी उतारावर उभी करून निथळू द्यावी आणि कोपऱ्यांतील निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात काळी माती चाकांच्या आत घट्ट बसते, तीही त्याच वेळी काढावी.

उत्तर: पीथमपूर, निवृत्त तंत्रज्ञ

डिझेल इंजिनांच्या देखभालीत माझी नोकरी गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सकाळी उशिरा सुरू होणे आणि ऑइल कमी होणे ही दोन लक्षणे एकाच आजाराची असतीलच असे नाही. पहिल्याचे कारण निकामी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारा) किंवा गळणारे इंजेक्टर असू शकते, आणि दुसऱ्याचे कारण टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले असतील तरच इंजिन बांधण्याला अर्थ आहे, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या आणि इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी (त्यातून किती डिझेल परत जाते ते पाहणे) करा. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी सारखेच खाली असेल तर झीज मानावी. एकाच सिलिंडरात खाली असेल तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये सापडतो, आणि ते काम इंजिन बांधण्याच्या मानाने बरेच स्वस्त पडते. टर्बोचा नळ काढून आत ऑइल किती साचले आहे, तेही पाहावे. तपासणीचा खर्च किरकोळ असतो आणि तो न करता ९० हजारांचे काम हाती घेणे मला मुळीच मान्य नाही.

आता नव्या गाडीविषयी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर आले. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. जमलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जळते. त्यासाठी इंजिन काही वेळ जास्तीचे डिझेल देऊन धुराचे तापमान वाढवते आणि हे काम गाडी सलग धावत असताना नीट होते. काम अर्धवट असताना गाडी वारंवार बंद केली, तर काजळी साचत जाते आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये. ते ऑइल बदलावे.

तुमची फेरी या दृष्टीने अर्धी वाईट आणि अर्धी चांगली आहे. गावोगाव थांबत दूध घेणे हा काजळी साचण्याचा भाग झाला, पण देपालपूरहून इंदूरपर्यंतचा सुमारे ४० किलोमीटरचा परतीचा सलग रस्ता ती जाळायला उपयोगी पडतो. संकलनाच्या ठिकाणी गाडी रिकामी धुगधुगत ठेवू नका, आणि डीपीएफचा दिवा लागला की घरापाशी आलात तरी गाडी बंद न करता बायपासला एक मोठी चक्कर मारून या. ऑइल कंपनीने सांगितलेले कमी राखेचेच टाका, कारण ऑइलची राख जाळून जात नाही, जाळीतच राहते. काही गॅरेजवाले डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नका. असा बदल कलम ५२ च्या विरुद्ध आहे.

वडिलांच्या भीतीत तथ्य आहे, पण ते सेन्सरच्या संख्येत नाही. कॉमन रेलचे इंजेक्टर प्रचंड दाबाखाली काम करतात आणि पाणी किंवा कचरा त्यांना सहन होत नाही. ही अडचण तुमच्या बीएस-४ गाडीतही आहेच. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्यातील पाणी सोडणे, ही दोन कामे कोणत्याही मिस्त्रीला येतात.

उत्तर: राजवाडा, हिशोब विभाग

आमच्या मसाल्यांच्या व्यवसायातील गाड्यांचा हिशोब मी ठेवते. दुरुस्तीचा खर्च महिन्यावर न मांडता किलोमीटरवर मांडा, आणि गाडी उभी राहिली त्या दिवशीचे भाडे व नासलेला माल दुरुस्तीच्याच खात्यात लिहा. आमच्याकडे असे लिहायला लागल्यावर स्वस्त वाटणारी जुनी गाडी नव्या गाडीच्या बरोबरीला आली, कारण बिले लहान होती पण उभे राहण्याचे दिवस पुष्कळ होते.

दोन बाबी तुमच्या निर्णयात धराव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला असून सुट्या भागांनाही १८ टक्केच लागतो, तेव्हा त्याआधीचे कोटेशन असेल तर ते नव्याने मागवा. मालवाहू गाडीवरील कराचे क्रेडिट (भरलेला कर आपल्या विक्रीवरील करातून वजा करणे) मिळू शकते, पण ताजे दूध करमुक्त आहे. तुम्ही दूधही विकत असाल तर त्या प्रमाणात क्रेडिट कमी होईल, हे सीएंना विचारून घ्या. दुसरे म्हणजे २०१७ ची गाडी आठ वर्षांच्या पुढे गेल्याने तिचे फिटनेस आता दर वर्षी करावे लागते, आणि त्यासाठी होणारी रंगरंगोटी, दिवे, ब्रेक यांचा खर्चही दर वर्षी येतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वजनाचा हिशोब आम्ही कधीच असा मांडला नव्हता. मागच्या कमानीचे पट्टे का तुटत होते ते आता कळले. पीथमपूरचे काका, तपासणीत दोष फक्त इंजेक्टरचा निघाला तर ते दुरुस्त करावेत की नवे घ्यावेत? आणि सीएनजी पिकअपचा विचार करावा का?

उत्तर: पीथमपूर, निवृत्त तंत्रज्ञ

चाचणीच्या मशीनवर तपासून आणि नोजल व व्हॉल्व्ह बदलून दिलेले इंजेक्टर तुमच्या वयाच्या गाडीला पुरेसे आहेत. बसवल्यावर प्रत्येकाचा कोड स्कॅनरने इंजिनाच्या संगणकात भरला की नाही, ते मात्र समोर उभे राहून पाहा. चारपैकी एकच बिघडला असला तरी चारही तपासून घ्या. सीएनजीत डीपीएफची चिंता नसते, पण टाक्यांचे वजन क्षमतेतून जाते, दर तीन वर्षांनी टाक्यांची चाचणी करावी लागते आणि पहाटेच्या फेरीला पंपावरची रांग परवडणार नाही. १.४ टन रोज वाहणाऱ्याला मी डिझेलच सुचवेन. कॉम्प्रेशनचे चार आकडे हाती आले की इथे लिहा, म्हणजे इंजिन उघडायचे की नाही ते सांगता येईल. तोवर मिस्त्रींना आगाऊ रक्कम देऊ नका.