तुम्ही पळायला जाता, तेव्हा घरी कोण असतं?

नाशिकमध्ये पहाटे पळणारे आता कुठेही भेटतात. गोल्फ क्लबच्या मैदानावर, कृषीनगरच्या ट्रॅकवर, गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जाताना, पांडवलेणीच्या पायथ्याशी. साडेपाचला गेलं तर चार ओळखीचे चेहरे दिसतातच. बूट कोणते घ्यावेत, वेग कसा वाढवावा, यावर आम्ही भरपूर बोलतो. पण त्याच तासात आपापल्या घरी काय चाललेलं असतं, त्यावर कुणी बोलत नाही. दूध तापवायचं असतं, डबे भरायचे असतात, एखाद्या घरी आजारी माणसाला उठवून बसवायचं असतं. पळायला मिळणारी वेळ घरातल्याच कुणाच्या तरी वेळेतून येते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. किती किलोमीटर पळता ते राहू द्या. त्या तासाची घरातली व्यवस्था लिहा. जमलं ते लिहा, जमलं नाही तेही लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही आनंदवलीला राहतो, मी बँकेत आहे. मुलीची व्हॅन पावणेसातला येते. मी पाचला बाहेर पडते आणि सव्वासहाच्या आत परत येते. तोवर नवऱ्याने कुकर लावलेला असतो, मुलगी आंघोळीला गेलेली असते. कणीक रात्रीच मळून ठेवते, पोळ्या आल्यावर करते. नवरा संध्याकाळी तबला शिकायला जातो, त्या दिवशी स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास पूर्ण माझ्याकडे. हे आम्ही दोघांनी बसून, बोलून ठरवलं आहे. तसं ठरल्यामुळे पळताना माझं मन घरी अडकत नाही.

सातपूर, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर

आमच्या तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात. त्यामुळे 'रोज पहाटे पाच' हे आमच्यासारख्यांना लागूच होत नाही. फर्स्टला सातच्या आत पंचिंग, म्हणून त्या आठवड्यात सुटल्यावर पळतो. बॅगेत बूट आणि टी-शर्ट ठेवतो, सुटलो की कपडे बदलतो, बॅग मित्राच्या गाडीवर देतो आणि पळतच घर गाठतो. त्र्यंबक रोडला ट्रक फार, म्हणून एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांनी. सेकंडच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते. मुलाला शाळेत सोडलं की तिथूनच सुरू.

थर्डला पळणं जवळपास बंद. रात्रभर उभं राहून सकाळी सात वाजता पळायला जाणारे मी पाहिलेत, मला ते अजिबात पटत नाही. झोप तुटली की दुसऱ्या रात्री मशीनवर डुलकी लागते आणि चालू मशीनपुढे डुलकी म्हणजे हात जायची वेळ. थर्डला दुपारी तीनपर्यंत झोपायचं, संध्याकाळी अर्धा तास हलकं पळायचं, बस.

बायको घरी ब्लाऊज शिवते. आमचं घर दोन खोल्यांचं. माझी थर्ड असली की ती हुक, तुरपाई, काज असं हातकाम तीनपर्यंत करत बसते आणि मशीन मी उठल्यावर चालू करते. तिची गिऱ्हाइकंही त्या आठवड्यात चारनंतरच येतात. माझा संध्याकाळचा अर्धा तास असा निघतो.

नाशिक रोड, पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक

मी रोज मुंबईला जाऊन येतो. सकाळी सातच्या सुमारास गाडी, रात्री नाशिक रोडला उतरून घरी पोचेपर्यंत दहा. पहाटे चारला उठून पळ, असा सल्ला खूप जणांनी दिला. त्यातलं कुणी रात्री साडेदहाला जेवायला बसत नाही. सोमवार ते शुक्रवार पळायचं नाही, हे मी मनापासून मान्य केलं आहे. सीएसएमटीपासून बॅलार्ड इस्टेटपर्यंत झपझप चालतो, संध्याकाळी तसाच परत. पळणं शनिवार-रविवारी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. तो सातही दिवस विभागून करा, अशी अट त्यात नाही. चालणं धरून माझं ते भागतं.

पण वेळ मात्र पाळतो. आठवड्यात मुलगा मला जागा सापडतो तो याच दोन दिवशी. म्हणून देवळाली कॅम्पच्या बाजूला अंधारात निघतो आणि तो उठायच्या आत घरी असतो.

दिंडोरी तालुका, द्राक्ष बागायतदार

तुम्हा शहरातल्यांचं सगळं आठवड्यावर चालतं, आमचं छाटणीवर. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, झाली की फवारणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं). बेमोसमी पाऊस आला तर डावणी रोगाच्या भीतीने रात्रीसुद्धा ट्रॅक्टर काढायचा. जानेवारीपासून माल निघायला लागतो, एप्रिलला खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची. या सगळ्यात रोजचं पळणं धरून बसलं तर बाग जाईल. त्यात विजेचं वेगळंच. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटरीवर जागून सकाळी कुठलं पळणं! दिवसाची लाईट असली की पहाट मोकळी मिळते, मग पालखेडच्या पाटाच्या कडेने जातो. माती आहे, गुडघ्याला बरी वाटते.

खरा पळायचा काळ पावसाळा. गाईंच्या धारा त्या वेळी वडील काढतात. पण ते दरवर्षी निवृत्तीनाथ महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जातात. ते असतात वारीत, तेव्हा गोठा माझ्याकडे आणि पळणं बंद. ते परत आले की मी पुन्हा पाटावर. आमच्या घरात पायांना सुट्टी अशी आळीपाळीने मिळते आणि मला ते फार बरोबर वाटतं.

कॉलेज रोड, पळते ती माझी बायको

ताई, तुम्ही विचारलंत घरी कोण असतं. मी असतो, म्हणून लिहितो.

बायको हाफ मॅरेथॉनची तयारी करते, म्हणजे 21 किलोमीटर आणि वर थोडे मीटर. त्यासाठी रविवारी अडीच-तीन तास ती बाहेर असते. आईला हे सुरुवातीला रुचलं नाही. रविवारी कुणी आलं-गेलं तर सून घरात नको का, असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही. रविवारचा नाश्ता माझ्याकडे घेतला. कांदे चिरण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. दोन-तीन रविवारांत आईचा सूर बदलला. चाळीस वर्षं सांभाळलेलं स्वयंपाकघर या वयात पुन्हा आपल्याच गळ्यात पडतंय की काय, ही तिची धास्ती होती आणि ती रास्तच होती. आता सुनेच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तीच भरून ठेवते. गौरी जेवतात तो दिवस, दिवाळीचे दिवस, घरातलं लग्न, एवढे दिवस बायको स्वतःहून सोडते.

पळणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. परत आल्यावर घड्याळातले आकडे, ग्रुपवर फोटो, सावकाश स्ट्रेचिंग, यात अर्धा तास जातो. घरच्यांच्या लेखी मात्र माणूस दारात आला की आला. लहान मूल तर लगेच हात पसरतं. तो अर्धा तास हवा असेल तर आधी सांगून ठेवा, 'साडेसातला येईन पण आठला मोकळी होईन' असं.

इंदिरानगर, बाळ नऊ महिन्यांचं

वरचं शेवटचं वाक्य मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी पहिले तीन महिने पळायचं नाही असं बजावलं होतं. आधी चालणं, ओटीपोटाचे आणि कंबरेचे व्यायाम, मग थोडं पळणं थोडं चालणं. आता बाळाला पाजून निघते. त्याने दोन फायदे होतात, बाळ शांत असतं आणि पळताना छाती जड वाटत नाही. सरळ लांब रस्त्याने जाणं मी सोडलं. घराजवळच्या जॉगिंग ट्रॅकलाच फेऱ्या मारते, कारण फोन आला तर पाच मिनिटांत दारात पोचता येतं. सासूबाईंना हे कळल्यापासून त्या निर्धास्त असतात, आणि खरं सांगायचं तर फोन क्वचितच येतो. लहान बाळ असलेल्या मैत्रिणींनो, गोल फिरणं कंटाळवाणं असतं, पण त्याच्यामुळेच बाहेर पडता येतं.

पंचवटी, किराणा दुकान

दुकान सातला भाऊ उघडतो, मी गोदाकाठाने तपोवनाकडे जाऊन येतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की आमचा रस्ता बंद. ते दिवस मी दुकान उघडतो आणि भाऊ झोपतो. वेगळा हिशेब कधी करावा लागला नाही.

अंबड, मूळची पेठ तालुक्यातली

कविता राऊत आमच्या डोंगराकडच्याच, हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 10,000 मीटरला कांस्यपदक घेतलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. त्यामुळे गावी पोरगी पळते याचं कुणाला काही वाटत नाही. शहरात अडचण अंधाराची. जूनमध्ये सहाच्या आत उजाडतं, जानेवारीत सूर्य सातनंतर वर येतो आणि आमची कंपनीची बस साडेसहाला. रूमवरच्या चौघी मिळून निघतो, एकीला नाईट असेल तर तिघी. एकटीने अंधारात निघायचं नाही, हा आमचा नियम आहे. तुमच्या घरी काम वाटून घ्यायला माणसं आहेत, ते नशीबच. आमच्या भाजी-भाकरीची पाळी भिंतीवर लिहिलेली असते.

जेल रोड, प्रेसमधून निवृत्त

सर्वांचं वाचलं. माझ्या पत्नीला पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. तिला सांभाळणाऱ्या बाई आठला येतात, तेव्हा मी निघतो. पहाटेचे सगळे पळणारे तोवर घरी पोचलेले असतात, त्यामुळे रस्ता मला एकट्यालाच. बोलता येईल इतक्याच वेगाने पळतो, दम लागला की चालतो. एप्रिल-मेमध्ये आठलाच ऊन चटकतं. त्या दोन महिन्यांत शेजारचा एक कॉलेजचा मुलगा सहा वाजता पुस्तक घेऊन हिच्याजवळ येऊन बसतो. पैसे घेत नाही, म्हणून मी त्याला गणित शिकवतो. मी कधी टाळाटाळ केली तर पत्नी बुटांकडे बोट दाखवते. काळजी घेणाऱ्याने स्वतःसाठी बाहेर पडावं की नाही, यावर नातेवाईक पुष्कळ बोलतात. तिचं मत तिने असं दिलेलं आहे, मला तेवढं पुरे.

धागा काढणारी

काका, तुमचा अनुभव घरी मोठ्याने वाचला. त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

सिडको, अंगणवाडी सेविका

माझा नवरा ड्रायव्हर आहे, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सासर-माहेर दोन्ही लांब. वर लिहिलेल्यांपैकी कुणीच माझ्या घरात नाही, म्हणून हे लिहिते. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझ्यासारखीच एक आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पळते, तेव्हा ती चहाचा कप घेऊन माझ्या घरी येऊन बसते, मुलं झोपलेली असतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती पळते, मी तिच्या घरी. एकमेकींच्या घराची किल्ली एकमेकींकडे आहे. मुलांना रात्रीच सांगून ठेवतो की सकाळी मावशी दिसेल, त्यामुळे जाग आली तरी रडत नाहीत. ज्यांच्या घरी दुसरं मोठं माणूस नाही, त्यांनी आधी आपल्या बिल्डिंगमध्ये विचारून बघा. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मीच तुला विचारणार होते.