घरगुती हिंसाचार: कोर्टाचा निकाल लागेपर्यंत लीगने थांबावं का?

सीमारेषा
फेब्रुवारी 2014 मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू रे राइसने अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. एनएफएल या त्याच्या लीगने जुलैमध्ये शिक्षा दिली दोन सामन्यांच्या निलंबनाची, वर एका आठवड्याच्या पगाराचा दंड. बोंबाबोंब झाल्यावर ऑगस्टमध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा सामने ठरले. 8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतला व्हिडिओ आला, त्याच दिवशी बेमुदत निलंबन! नोव्हेंबरमध्ये लवाद बार्बरा जोन्स यांनी ते रद्द केलं: राइसने लीगची दिशाभूल केली नव्हती आणि एकाच कृत्याची शिक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही.
लीगला ना समन्स काढता येतं, ना फोन जप्त करता येतो. आरोप ठेवले गेले की पगारी रजेवर पाठवा. शिक्षा निकालानंतर.

तिसरा_पंच
तुमची पगारी रजा एनएफएलच्याच ग्रेग हार्डीला मिळालीच होती. जुलै 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात न्यायाधीशाने त्याला दोषी ठरवलं. त्याने ज्युरी मागितली, म्हणजे तिथल्या पद्धतीनुसार खटला पहिल्यापासून. फेब्रुवारी 2015 मध्ये फिर्यादी महिला हजर झाली नाही आणि खटला बारगळला. दरम्यान त्या हंगामात एक सामना खेळून त्याने पूर्ण पगार घेतला, 1 कोटी 31 लाख डॉलर. घरातल्या मारहाणीला साक्षीदार बहुतेकदा एकच असतो, आणि त्याच साक्षीदारावर सगळ्यात जास्त दबाव. निकालाची वाट बघा म्हणजे ती गप्प बसेपर्यंत वाट बघा.
अमेरिकेतल्या बेसबॉल लीगने 2015 मध्ये खेळाडूंच्या संघटनेला सोबत घेऊन धोरण केलं. आधी सात दिवसांपर्यंत पगारी रजा, मग कमिशनर, म्हणजे लीगचा प्रमुख, चौकशी करणार. शिक्षेला किमान-कमाल आकडा नाही, गुन्हा सिद्ध होण्याचीही अट नाही.

सीमारेषा
हार्डीला लीगने दिलेले दहा सामने लवादाने चारवर आणले, ते सोयीस्कर विसरलात. घटना मे 2014 ची, सहा सामन्यांचा नियम ऑगस्टचा. कायदा मागच्या तारखेने लावायचा का?

पावसाचा_व्यत्यय
आकड्यावर भांडताय, पण चौकशी होते कशी ते बघा. जून 2014 मध्ये कमिशनरसमोरच्या बैठकीत राइस आणि त्याची बायको एकाच खोलीत होते, सोबत लीगची आणि क्लबची माणसं. अशा खोलीत कोण खरं बोलेल?
मार खाल्लेल्या बाईची भेट वेगळी, तिच्या पसंतीच्या ठिकाणी, तिचा स्वतःचा वकील किंवा समुपदेशक सोबत. क्लबचा माणूस दारातही नको. त्याआधी आणीबाणीच्या कॉलचं रेकॉर्डिंग, पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, जखमांचे तारीखवार फोटो, मेसेज जमवायचे, म्हणजे सगळा भार तिच्या जबाबावर येत नाही. आणि तिने जबाब मागे घेतला तर त्याचा अर्थ "काही घडलंच नाही" असा लावायचा नाही.

फॉलोऑन
पगार कापण्याबद्दल कुणी बोलत नाही. तो कापला जातो तिच्याही घरातला. फोन केला तर घराचं उत्पन्न थांबणार हे ठाऊक असलेली बाई फोन करताना दहादा विचार करते. कापलेल्या रकमेतून तिच्या राहण्याचा आणि वकिलाचा खर्च द्यावा, आणि तोही साक्षीची अट न घालता.

तिसरा_पंच
हे पटलं. पण क्लबचं काय? डिसेंबर 2015 मध्ये बेसबॉलपटू अरोल्डिस चॅपमनवरच्या आरोपांची बातमी फुटली, त्याला घेण्याचा डॉजर्स संघाचा सौदा थांबला आणि त्याच महिन्यात यांकीज संघाने त्याला चार होतकरू खेळाडूंच्या बदल्यात उचललं. गुन्हा दाखल झाला नाही, गळा धरल्याचं त्याने नाकारलं, तरी मार्च 2016 मध्ये 30 सामन्यांचं निलंबन झालं. जुलैत यांकीजने त्याला शिकागो कब्ज संघाला देऊन पुन्हा चार खेळाडू पदरात पाडून घेतले, त्यातला एक ग्लेबर टोरेस. अशा सौद्याला आडकाठी करणारं एकही कलम धोरणात नाही.