मदत हवी आहे: ओटीतलं (ऑपरेशन थिएटरमधलं) न वापरलेलं सामान

निळीशाई:
लवकर सांगा प्लीज! आमच्या ओटीतून रोज पोतंभर चांगलं सामान कचऱ्यात जातं. मी बाजूला काढून ठेवते, तर स्टोअरवाले ओरडायला लागलेत. निळे कागद आहेत, उरलेलं आहे, तारीख उलटलेलं आहे. कशाला वापरता येईल?

खटपट्या:
उरलेलं म्हणजे काय? सुया, ग्लोव्हज, टाके (जखम शिवायचे धागे)? रुग्णाजवळ गेलेलं आहे का?

निळीशाई:
नाही हो! कागद म्हणजे अवजारांचे ट्रे गुंडाळतात ते. पेशंट आत यायच्या आधीच सोडतो. बाकी टाक्यांची न फोडलेली पाकिटं.

दोरासुई:
अहो ताई, तो कागद नाही, पॉलिप्रॉपिलीन आहे. पिशव्या, एप्रन मस्त होतात. त्यावर चिकटवलेली काळ्या पडलेल्या रेघांची टेप आधी सोलून काढा. इस्त्री अजिबात नको, 160 अंशांच्या आसपास वितळतं.

भटक्या७:
कशाला शिवत बसता? दान करा. येल विद्यापीठात 1991 साली याच कामासाठी रेमेडी नावाचा उपक्रम सुरू झाला होता.

कडूकारले:
तारीख उलटलेलं दान? आपला कचरा दुसऱ्याच्या दारात! औषधांच्या दानाबाबत जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी.

भटक्या७:
टाके म्हणजे औषध आहे का? आणि मी तारीख उलटलेलं म्हटलंच नाही.

मनीमाऊ:
आमच्याकडे सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या उरल्यात, त्या चालतील का?

कडूकारले:
नाही. वेगळा धागा काढा.

खटपट्या:
मुदत संपलेले टाके मेडिकलच्या मुलांना सरावाला द्या, केळ्याच्या सालीवरसुद्धा हात बसतो. पाकिटावर ठळक लिहा: 'सरावासाठी, रुग्णावर वापरू नये'. आणि संसर्ग नियंत्रणवाल्यांची लेखी परवानगी घ्या, म्हणजे स्टोअरवाले गप्प बसतील.

जुनीसिस्टर:
मुळात इतकं फोडताच कशाला? सर्जनच्या यादीत वर्षानुवर्षं तेच सामान असतं, निम्मं कोणी हातात धरत नाही. "लागलं तर फोडा" असा वेगळा रकाना करा, ढीग आपोआप कमी होईल.

निळीशाई:
सिस्टर, यादी बदलणं माझ्या हातात असतं तर इथे कशाला आले असते? परवानगीचं बघते. दोरासुई, मशीनवर टाका केवढा ठेवू?

दोरासुई:
3-4 मिमी. बारीक टाक्याने भोकांच्या रेघेवरच फाटतं. आणि टाचण्या लावू नका, क्लिपा लावा.