मदत हवी आहे : बाहेरदेशातून आलेल्या सहकाऱ्यांशी आणि पेशंटशी बोलण्याचं ट्रेनिंग, अर्ध्या दिवसात काय घ्यावं?

मंडळी नमस्कार, थोडं लांबणार आहे पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या एचआरमध्ये आहे. आमच्याकडे साफसफाई, लाँड्री, किचन आणि आता नर्सिंगमध्येही बाहेरच्या देशांतून आलेले बरेच लोक आहेत, पेशंटांचंही तेच, नोंदणीच्या खिडकीसमोर उभं राहिलं की दहा मिनिटांत चार भाषा कानावर पडतात. आता वरून फर्मान आलंय की इंटरकल्चरल कम्युनिकेशनचं ट्रेनिंग घ्या. सुपरवायझर, वॉर्डच्या सिस्टर आणि खिडकीवरचा स्टाफ यांना अर्धा दिवस बसवायचं आणि बाहेरून आलेल्यांचं वेगळं सेशन घेऊन त्यांना "इथली पद्धत" शिकवायची. बजेट जेमतेम.

एका एजन्सीकडून स्लाइड्स मागवल्या तर त्यात सगळं अमुक देशाचे लोक वेळ पाळत नाहीत, तमुक देशाचे नजरेला नजर देत नाहीत असलंच. शिवाय हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाचे देशोदेशींच्या संस्कृतींबद्दलचे ते देशवार आकडे, प्रत्येक देशाला परीक्षेसारखे मार्क दिलेले. ते मुळात १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेतून निघालेले, म्हणजे एकाच कंपनीतले नोकरदार, आणि देशाची सरासरी एकेका माणसाला लावू नका हे त्यानेच सांगून ठेवलेलं. त्यावरून आमच्या लाँड्रीतल्या बाई कशा वागतील हे मला काय कप्पाळ कळणार?

खरे घोळ वेगळेच आहेत. एक सांगते. साफसफाईचा सुपरवायझर नव्या लोकांना दोन बाटल्या हातात धरून दाखवतो, हे ब्लीच आणि हे ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर, एकत्र करायचं नाही, क्लोरीन गॅस होतो, समजलं ना? सगळे माना डोलावतात, हो सर. दुसऱ्या दिवशी एकाच बादलीत दोन्ही! तो माझ्याकडे येऊन म्हणतो, तोंडावर हो म्हणतात आणि मागे हवं ते करतात. अहो पण साहेबाला सगळ्यांसमोर "नाही कळलं" कोण म्हणणार, आपण तरी म्हटलं असतं का?

खिडकीवरची तऱ्हा अजून वेगळी. फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही. एकच नाव असलेला पेशंट आला की एक क्लार्क तेच नाव दोनदा टाकतो, दुसरा आडनावाच्या जागी टिंब देतो, आणि एका माणसाच्या दोन फायली होतात, मग रिपोर्ट एकीत आणि डॉक्टर बघतात दुसरी. त्यात ज्यांच्या जन्माची नोंदच कधी झाली नव्हती अशा बऱ्याच जणांच्या कागदावर १ जानेवारी असते, त्यामुळे जन्मतारखेवरून शोधायचं म्हटलं तरी पंचाईत. आणि शाळकरी मुलं आईचं दुखणं डॉक्टरांना समजावून सांगत असतात ते तर बघवत नाही.

तर विचारायचंय की कोणी असं ट्रेनिंग घेतलंय किंवा त्यात बसलंय का? अर्ध्या दिवसात काय ठेवू, काय उडवू? आणि ते वेगळं सेशन मला अजिबात पटत नाहीये, वरच्यांना कसं सांगू?

प्रतिसाद १
बादलीचा किस्सा वाचून हसू पण आलं आणि काटा पण. ताई, "समजलं ना?" या प्रश्नावरच बंदी घाला. आमच्या दवाखान्यात आम्ही उलटं विचारतो, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, आता तुम्ही हे कसं कराल ते दाखवा." याला टीच-बॅक म्हणतात. परीक्षा सांगणाऱ्याची होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला लाजायचं कारण उरत नाही. मात्र हे स्लाइडवर वाचून येत नाही, प्रत्येकाकडून दोनतीनदा करून घ्या, पहिल्या वेळी सगळे "काय समजलं सांगा बघू" असं मास्तरी सुरात विचारतात आणि मुसळ केरात.

प्रतिसाद २
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. असली ट्रेनिंग बहुतेकदा फोटो काढून अहवालात लावायला असतात. कालेव, डॉबिन आणि केली यांचा २००६ चा अभ्यास बघा, अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांची तीस वर्षांची माहिती होती. मॅनेजर लोकांना डायव्हर्सिटी ट्रेनिंग देऊन वरच्या जागांवर स्त्रिया आणि कृष्णवर्णीय वाढले का, तर फारसं नाही, जिथे हे काम कोणाच्या तरी गळ्यात रीतसर घातलं तिथे फरक दिसला. विषय स्थलांतरितांचा नव्हता हे मान्य, पण धडा तोच. तुमचा नावाचा रकाना ट्रेनिंगने सुटणारच नाही, तो आयटीवाल्यांकडून सुटेल. आधी तो बदलून घ्या.

प्रतिसाद ३
वरच्या दादांशी अर्धा सहमत. गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाचं एक काम आहे, ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या स्टाफ कॅन्टीनमधलं. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उर्मट आहेत अशी तक्रार होती. ताटावर ग्रेव्ही घालू का हे विचारताना इंग्रज बाई "ग्रेव्ही?" असा आवाज वर नेते, या बायका तोच शब्द आवाज खाली आणत म्हणायच्या. त्यांच्या लेखी ते विचारणंच होतं, समोरच्याला वाटायचं आदळताहेत. आणि बायकांना वाटायचं आपल्याला मुद्दाम वेगळं वागवतात. टेप लावून दोन्हीकडच्यांना ऐकवलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

माझा मुद्दा असा की दोन्ही बाजू एका खोलीत होत्या म्हणून ते जमलं. बाहेरून आलेल्यांचं वेगळं सेशन घेतलं असतं तर "तुम्ही आवाज वर न्या" एवढंच शिकवून घरी पाठवलं असतं. हाच किस्सा वरच्यांना सांगा.

धागालेखिका
हे फार कामाचं आहे, थँक्यू! पण आमच्याकडे रेकॉर्डिंग शक्य नाही, पेशंटची गोपनीयता आणि कामगारांनाही वाटेल पाळत ठेवताय. प्रसंग लिहून जोड्यांकडून करून घेतले तर चालेल ना?

प्रतिसाद ४
चालेल की. मी सरकारी कचेरीत खिडकीवर बसतो, आमच्याकडे असं ट्रेनिंग झालं होतं. फक्त दुभाष्याचा भाग गाळू नका. फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लहान मुलांच्या दवाखान्यात दुभाष्यामार्फत झालेली १३ संभाषणं तपासली, दर संभाषणात सरासरी ३१ चुका, आणि त्यातल्या ६३ टक्के तब्येतीवर परिणाम होऊ शकेल अशा. पेशंटला कुठली ॲलर्जी आहे हेच विचारायचं राहिलं असले प्रकार. हॉस्पिटलच्या दुभाष्यांच्याही चुका होत्या, पण गंभीर चुका ऐनवेळी हाताशी धरलेल्या माणसांच्या तुलनेत कमी.

स्टाफला शिकवायला लागतं ते साधं आहे. पेशंटकडे बघून बोला, "त्यांना विचारा की" असं दुभाष्याला सांगत बसू नका, दोन वाक्यं झाली की थांबा. पण फोनवर दुभाष्या मिळायची सोय आधी करा. ऑस्ट्रेलियात ती १९७३ पासून आहे, म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. नंबर भिंतीवर नसेल तर ट्रेनिंगमधून उठलेला माणूस परत त्याच पोराला बोलावणार.

प्रतिसाद ३
जोड्या लावताना सुपरवायझर आणि त्याच्याच हाताखालचा माणूस समोरासमोर देऊ नका, तिथेही हो सर हो सरच होईल. ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच लिहिलंय की दोन गट नुसते एकत्र आणून भागत नाही, त्या वेळेपुरता तरी दर्जा सारखा हवा, काम एकत्र करायचं हवं आणि वरच्यांचा पाठिंबा दिसायला हवा. म्हणून लाँड्रीतल्या बाईंना मशीन कसं लावायचं ते शिकवू द्या, त्यांच्या भाषेत, आणि सुपरवायझरला शिकाऊ करा. पाच मिनिटांत त्याला कळेल की न कळता मान कशी आपोआप हलते.

धागालेखिका
लाँड्रीच्या मशीनची आयडिया घेतेच! वेगळं सेशन रद्द करून सगळे एकत्र, टीच-बॅक आणि दुभाष्या एवढेच दोन विषय, देशवार स्लाइड्स बाद, असा प्रस्ताव देतेय. आयटीला रकान्याबद्दल आजच मेल टाकलाय. एकच अडकलंय, रात्रपाळीवाल्यांना कधी बसवू? ड्युटी संपल्यावर थांबा म्हटलं तर बाहेरून आलेले मुकाट थांबतील, बाकीचे भांडतील.

प्रतिसाद २
पाळीच्या वेळेतच, पगारी, बदली माणूस देऊन. नसेल जमत तर रात्री जाऊन घ्या, पहाटेच्या आधी वॉर्ड जरा शांत असतो तेव्हा दोन तुकड्या करून. आणि बदली माणसाचा खर्च प्रस्तावात पहिल्या पानावर टाका, मागच्या पानावर टाकलात तर तोच आधी कापतील.