चारमिनारातून मनसबदार कसे बाहेर पडतात?

कातळखुणा

'खेळातल्या स्मारकांवर कीस पाडणाऱ्यांनी आधी खेळायला शिकावे' हे 'संध्याकाळचा सुलतान' यांचे परवाचे टिपण वाचले आणि गप्प बसायचे ठरवूनही बसवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात पिरॅमिड ओळखू आला म्हणजे झाले. दगडाचा रंग आणि बांधणीचे साल तपासणारे लोक रिकामटेकडे असतात. मी त्या रिकामटेकड्यांपैकी एक आहे.

गिझाचा मोठा पिरॅमिड पूर्ण झाला तेव्हा त्याची उंची सुमारे १४६ मीटर होती आणि त्याच्या अंगावर तुरा येथील पांढऱ्या चुनखडीच्या, घासून गुळगुळीत केलेल्या शिळांचे आवरण होते. पुढे, विशेषतः १३०३ च्या भूकंपानंतर, निखळलेल्या शिळा कैरोतल्या बांधकामांसाठी नेल्या गेल्या. म्हणजे आज आपल्याला दिसतो तो मातकट, पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड ही सोलून उरलेली वस्तू आहे. तरीही मी खेळलेल्या बहुतेक खेळांत मजुरांनी शेवटचा दगड ठेवला, की पिरॅमिड सोललेल्या अवस्थेतच जन्माला येतो. नव्या घराची वास्तुशांत चालू असताना भिंतींना पोपडे धरलेले असावेत, तसा हा प्रकार आहे.

'रोम: टोटल वॉर' हा २००४ चा खेळ तर याच्याही पुढे गेला. त्यातली मोहीम इ. स. पू. २७० मध्ये सुरू होते. त्या वेळी इजिप्तवर टॉलेमी घराण्याचे, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या मॅसिडोनियन राजांचे राज्य होते. खेळात मात्र सैन्य रामसेसच्या काळातले, रथांसकट. मध्ये हजार वर्षे गेली आहेत. राष्ट्रकूटांच्या शिपायांना आजच्या पोलिसांचा गणवेश चढवला, तर सुलतानांना तेही चालेल काय?

संध्याकाळचा सुलतान

कातळखुणा, आपल्या पोलिसांच्या गणवेशावर मी मनापासून हसलो. पण आपण ज्या पडद्याबद्दल बोलत आहात, त्यावर ही इमारत नखाएवढी असते हे सोयीस्करपणे विसरलात. वरून तिरप्या कोनातून, चारही बाजूंनी हल्ला चालू असताना, ती अर्ध्या क्षणात ओळखू यावी लागते. वाळवंटात चकचकीत पांढरा सुळका उभा केला, तर निम्मे खेळाडू विचारतील की हे मिठागर कोणाचे.

आणि एक सांगतो. मी नववीत असताना मामेभावाच्या संगणकावर 'एज ऑफ एम्पायर्स ३' चा 'द एशियन डायनेस्टीज' हा २००७ चा भाग खेळलो. चितोडचा विजयस्तंभ मला तिथे पहिल्यांदा भेटला. शाळेच्या पुस्तकातला चितोड डोक्यात कधी शिरलाच नव्हता. पुढच्या दिवाळीत वडिलांच्या मागे लागून मी चितोडला गेलो आणि राणा कुंभाचा तो नऊमजली स्तंभ मान वर करकरून पाहिला. हे काम आपल्या पांढऱ्या शिळांनी केले असते काय?

शालिबंड्याचा

सुलतान, तुम्ही ज्या खेळाचे गोडवे गात आहात, त्याच खेळाने माझे डोके फिरवले होते, म्हणून पिरॅमिड क्षणभर बाजूला ठेवतो.

माझे बालपण हैदराबादेत, चारमिनारपासून चालत जाण्याच्या अंतरावर गेले. आजोबा संध्याकाळी मला लाड बाजारातून नेत. काकणांच्या दुकानांतल्या दिव्यांची तिरीप चुन्याच्या गिलाव्यावर पडे, आणि कमानीवरच्या घड्याळात किती वाजले ते मी मोठ्याने सांगितल्याखेरीज आजोबा पुढे पाऊल टाकत नसत. ही इमारत मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये आपल्या नव्या शहराच्या मधोमध, चार रस्ते जिथे मिळतात तिथे बांधली, आणि तिच्या वरच्या मजल्यावर मशीद आहे.

खेळात तिचे नाव 'चारमिनार गेट' आहे आणि ती सैन्यभरतीचे ठाणे आहे. तीही कोणाची? मनसबदारांची! मनसब ही मोगलांची व्यवस्था. औरंगजेबाने १६८७ मध्ये ज्या फौजेच्या बळावर गोवळकोंडा जिंकून कुतुबशाही संपवली, त्याच फौजेचे सरदार कुतुबशहाच्या चारमिनारातून बाहेर पडतात. दगडाचा रंग चुकला असता तर मी गप्प बसलो असतो. इथे घर एकाचे आणि दारातून निघणारा माणूस ते घर लुटणाऱ्याचा, असे झाले आहे.

रात्रपाळी

मी अशाच खेळांसाठी इमारती घडवण्याचे काम करतो, कंपनीचे नाव सांगणार नाही. कातळखुणांना विरोध करायला आलो होतो, पण स्वतःचाच अनुभव आडवा येतो आहे. एका प्राचीन मंदिरासाठी मला तीन दिवस मिळाले होते आणि संदर्भ म्हणून पर्यटकांनी काढलेली छायाचित्रे हाती दिली गेली. शिखराचा एक कोपरा ढासळलेला होता, तो मी अंदाजाने पुरा केला. 'लोकांनी पाहिले आहे तसेच ठेवा' असा शेरा मारून वरिष्ठांनी तो पुन्हा ढासळवून घेतला. त्यानंतर दार तिप्पट मोठे करायला लावले, कारण सैनिक दारापेक्षा उंच दिसत होते. तेव्हा सुलतानांचे ओळखू येण्याचे कारण खरे आहे. ते उदात्त आहे असे मात्र कोणी समजू नये.

कातळखुणा

शालिबंड्याचा यांनी माझा धागा पळवला, पण चांगल्या ठिकाणी नेला, म्हणून माफ. त्याच खेळातले आणखी एक लग्न पाहा. भारतीयांची पाच स्मारके आहेत: आग्र्याचा किल्ला, चारमिनार, करणीमाता, ताजमहाल आणि विजयस्तंभ. युग बदलताना त्यांपैकी एक बांधावे लागते, त्यामुळे आग्र्याचा किल्ला आणि विजयस्तंभ एकाच वस्तीत शेजारीशेजारी सहज उभे राहतात. अकबराने आग्र्याचा किल्ला बांधायला घेतला १५६५ मध्ये, ते काम चालले १५७३ पर्यंत, आणि त्याच अकबराने चितोड घेतले १५६८ मध्ये. सुलतान, आपण दिवाळीत जो स्तंभ पाहून आलात, त्याच्या पायथ्याशी काय घडले होते ते खेळाने आपल्याला सांगितले काय?

करणीमातेचे काय बोलावे! उंदरांसाठी प्रसिद्ध असलेल्या देशनोकच्या या मंदिराचे संगमरवरी रूप बिकानेरच्या गंगासिंहांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलेले आहे, आणि खेळातली भारतीय मोहीम आहे १८५७ ची. त्या मंदिराजवळ गावकऱ्यांचे काम भराभर होते म्हणे. बहुधा उंदीर हातभार लावत असावेत.

संध्याकाळचा सुलतान

तुम्हा लोकांना खेळ नको आहे, गॅझेटियर हवे आहे. एका परदेशी कंपनीने मोगल, राजपूत आणि कुतुबशाही एका गाठोड्यात बांधले हे मला मान्य आहे. ज्यांना ते खुपते त्यांनी स्वतःचा खेळ काढावा. विजयस्तंभाबद्दल मला जे कळले नव्हते ते चितोडला गेल्यावर तिथल्या वाटाड्याने सांगितले, आणि मी तिथे पोहोचलो तो खेळामुळेच. एवढी साधी गोष्ट कबूल करताना आपली जीभ का अडखळते?

वेरूळची वाट

भांडण चालू द्या, मला एकच भर घालायची आहे. कोणाला खेळात वेरूळचे कैलास घ्यावेसे वाटले, तर काय होईल ते पाहा. या खेळांत प्रत्येक स्मारक सारखेच बांधले जाते: जमिनीवर परांच्या उभ्या राहतात, दगडावर दगड चढतो आणि शेवटी कळस बसतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, कैलास कोरले गेले ते डोंगराच्या माथ्यावरून खाली. अक्षरशः आधी कळस, मग पाया. एकही दगड वर चढला नाही, सगळे दगड बाहेर गेले. रंग आणि नक्षी हुबेहूब उतरवूनही ते देऊळ खालून वर उगवताना दाखवले, तर त्यात कैलासाचे काय उरले? आणि वरून कोरताना एक चूक झाली, तर दगड परत चिकटवता येत नाही. डावपेचांच्या खेळाला यापेक्षा चांगला डाव कोणता मिळणार?

रात्रपाळी

हे मी आमच्या बैठकीत मांडणार आहे. तीन दिवसच देतील, ते वेगळे.

संध्याकाळचा सुलतान

कैलासाच्या मुद्द्यावर मी हात वर करतो. तसा खेळ निघाला, तर पहिल्या दिवशी विकत घेईन. पांढऱ्या पिरॅमिडवर मात्र मी एक इंचही हटणार नाही. आणि आज रात्री खेळायला बसलो, की चारमिनारच बांधणार आहे, कारण मनसबदारांशिवाय माझी फौज लंगडी पडते.

शालिबंड्याचा

बांधा. फक्त त्यांना सांगा, की लाड बाजारातून जाताना घोड्यावरून उतरून चालावे. तिथे काकणे काचेची असतात.